बोलायला शिकवायचा व्यवसाय

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका जिन्याच्या तोंडाशी माझी पाटी आहे, 'वाचा-उपचार केंद्र'. ती वाचून अधूनमधून कुणीतरी डोकावतं आणि विचारतं, "इंग्लिश स्पीकिंगचा क्लास हितंच काय?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग भाषण शिकवताय व्हय?" त्यामुळं स्पीच थेरपिस्ट कसं व्हायचं हे सांगण्याआधी आत काय चालतं ते सांगते.

येणाऱ्यांत सगळ्यात जास्त असतात ती दोन-अडीच वर्षांची, अजून न बोलणारी मुलं. सोबत आई, आणि आईच्या मागं आजी. "बोलंल की! त्याचा बा बी उशिरानंच बोलला हुता." आजीवर मी चिडत नाही, पण तिच्या भरवशावर वर्ष घालवू नका, हे आईला स्पष्ट सांगते. वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द, दोन वर्षांचं होईतो 'आई ये', 'पानी दे' अशी दोन शब्दांची जोडणी, एवढं दिसत नसेल तर आधी कानाची तपासणी करून घ्यायची. जिभेची नव्हे, कानाची. ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कुठून? 'बेरा' नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना होते, त्याला काही उत्तर द्यावं लागत नाही. पण माझ्याकडं येईपर्यंत बऱ्याच घरांत जिभेवर वेखंड चाटवून झालेलं असतं, आणि काही ठिकाणी जिभेखालचा पडदाही कापून आणलेला असतो. तो पडदा आखूड असला तर दूध ओढायला किंवा एखाद्या उच्चाराला अडचण येऊ शकते. त्यानं मुलाची भाषा अडत नाही.

दुसरे येतात ते अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले. मेंदूच्या डाव्या बाजूला, भाषेच्या भागात इजा झाली की शब्द सापडेनासे होतात. याला वाचाघात म्हणतात. समोर चहाचा कप आहे, तो कशाला लागतो हे आजोबांना ठाऊक आहे, पण 'कप' काही तोंडातून निघत नाही. आणि हेच आजोबा गणपतीची आरती म्हणतात, एक ते दहा आकडे ओळीनं मोजतात, चिडले की अस्सल कोल्हापुरी शिवी स्वच्छ हासडतात. घरच्यांना वाटतं, नाटक करतायत. तसं नसतं. पाठ असलेलं, आपोआप येणारं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं; मनातल्या गोष्टीसाठी शब्द शोधून बोलणं ही मेंदूला वेगळी मेहनत आहे. सुनेला आणि मुलाला हे पटलं, तर पुढचे व्यायाम घरात निदान प्रेमानं होतात.

शिवाय तोतरेपणा आहे, टाळू फाटलेल्या मुलांचं शस्त्रक्रियेनंतरचं बोलणं आहे, वर्गात ओरडून घसा बसलेले गुरुजी आहेत. कुस्तीच्या मैदानात दिवसभर माईकवर बोलणाऱ्या निवेदकांनाही माझं एक सांगणं आहे, माईक असताना ओरडता कशाला?

आता शिक्षण. बारावी विज्ञान शाखेनंतर 'बीएएसएलपी' ही चार वर्षांची पदवी आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. श्रवण आणि वाचा, दोन्ही एकाच पदवीत. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. लांब जायची तयारी असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, ती १९६५ ची. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी करावी लागते. १९९२ च्या कायद्यानं ती सक्तीची आहे, आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही कुठला तरी चार महिन्यांचा कोर्स करून पाटी लावणारे आहेतच. पालकांनी नोंदणी क्रमांक बेधडक विचारावा. ज्याच्याकडं तो आहे, त्याला राग येत नाही.

अभ्यासात शरीररचना असते, ध्वनीचं भौतिकशास्त्र असतं, मानसशास्त्र आणि भाषाविज्ञान असतं. भाषाविज्ञानाच्या तासाला पोरं कंटाळतात, आणि पुढं रोज तेच लागतं. समजा, एक मूल गुळाला 'दूल' म्हणतंय आणि रंकाळ्याला 'लंताला'. ऐकणाऱ्याला वाटतं, याचं सगळंच बिघडलंय. नीट ऐका. जिभेचा मागचा भाग टाळूला लावून काढायचा क आणि ग हे मूल पुढं, दातांपाशी काढतंय, म्हणून त आणि द. र आणि ळ या दोघांच्या जागी ल. म्हणजे अडचणी दोनच. त्यातले र आणि ळ तसेही उशिरा येतात, तिसऱ्या वर्षी त्यांची काळजी नको. पण शाळेत जायच्या वयातही 'काका'चा 'ताता' होत असेल तर कामाला लागायचं. आणि घरात सगळेच 'पानी' म्हणत असतील, तर मुलाचं 'पानी' हा दोष नाही, ती त्याच्या घरची बोली आहे. ती सुधारायला मी फी घेत नाही. चित्रांची विकतची कार्डं घेतली तर त्यात बर्फाचा माणूस निघतो. मी आपली ऊस, म्हैस, चप्पल, एसटी यांचे फोटो काढून कार्डं केली.

खाजगी प्रॅक्टिसला भांडवल किती लागतं, असं नवी मुलं विचारतात. नुसत्या वाचा-उपचाराला फार नाही. शांत खोली, बुटकं टेबल, मोठा आरसा, खेळणी. श्रवण-तपासणी करायची म्हटली की ऑडिओमीटर आणि ध्वनिरोधक खोली आली, तिथं खर्च वाढतो. पण माझं मत विचाराल तर आधी काही वर्षं रुग्णालयात, कुणा जाणत्याच्या हाताखाली काढा. एकट्यानं बसलं की चुकलेलं निदान दाखवून द्यायला शेजारी कुणी नसतं.

आणि या धंद्याचं एक तिरकं गणित आधीच समजून घ्या. आठवड्याचे तास १६८. मूल माझ्याकडं येणार पाऊण-पाऊण तास, दोनदा. उरलेल्या वेळात ते घरीच असणार. म्हणून आईला मी बाहेरच्या बाकावर बसू देत नाही, आत जमिनीवर बसवते. "हे काय? ते काय?" ही उलटतपासणी बंद करायला लावते. बिस्कीट हातात धरून थांबायचं, मुलानं आवाज काढायची वाट बघायची. भाकरी थापताना 'थाप, थाप' म्हणायचं. बडबडगीत अर्ध्यावर सोडायचं, पुढचा शब्द त्यानं भरायचा. यात सगळ्यात तरबेज निघते ती तीच आजी, कारण घरात वेळ तिच्याकडं असतो. आता घर जितकं लवकर तयार होईल, तितकी माझी फी लवकर बंद होणार. म्हणून काही जण सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेतात, वर बोलण्याची हमी देतात. हमी देणाऱ्यापासून लांब राहा. काही मुलं शब्दांनी बोलत नाहीत, चित्रं दाखवून किंवा खुणांनी बोलतात, आणि तेही बोलणंच आहे, हे सांगायचं धाडस पॅकेज विकणाऱ्यात उरत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे घ्या आणि उत्पन्न वरखाली होणार हे धरून चाला. सुगी, जोतिबाची यात्रा, मे महिना, या दिवसांत निम्मी पोरं गायब असतात.

शेवटी, कोल्हापुरात आता दुकान थाटावं का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. गडहिंग्लज, गारगोटी, शाहूवाडीकडून आयाबाया पोराला कडेवर घेऊन एसटीनं येतात, पाऊण तासासाठी अख्खा दिवस आणि रोजगार बुडवून. महिन्या-दोन महिन्यांत यायच्या बंद होतात. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस जाऊन बसा. बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना दुपारी रिकामा असतो, जागा मिळते. दिवस निवडताना तिथल्या आठवडी बाजाराचा निवडा. त्या दिवशी माणसं तशीही गावात येतात, एसटीच्या भाड्याचा वेगळा खर्च पडत नाही.

नमस्कार.