बॅट बिघडते ती चिकटवताना

मंडळी, टेबल टेनिसच्या बॅटचं लाकूड घरी करायला नियमांची आडकाठी नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत बॅटच्या आकारावर किंवा वजनावर बंधन नाही. फळी सपाट आणि ताठ हवी, आणि जाडीत किमान 85 टक्के नैसर्गिक लाकूड हवं. कार्बनचा थर चालतो, पण तो 0.35 मिलिमीटर किंवा एकूण जाडीच्या 7.5 टक्के, यांतलं जे कमी असेल त्याच्या आत. पहिल्या बॅटला त्या फंदात पडू नका.

आपण पाच थर घेऊ. मधे 4 मिलिमीटरचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना अर्ध्या मिलिमीटरचं आडव्या रेषांचं व्हिनियर (म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा), आणि बाहेर तेवढंच उभ्या रेषांचं. एकूण 6. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना जोडी जुळलीच पाहिजे. एका अंगाला सागवान आणि दुसऱ्याला वेगळं लाकूड लावलंत, तर हवा बदलली की फळी वाकणारच.

गाभ्याला शिवणीसारखं हलकं लाकूड घ्या. वरचं व्हिनियर सागवानी असलं तरी मुठीसकट फळी 85 ते 90 ग्रॅममध्ये बसते. सगळंच सागवान घेतलंत तर 110 च्या घरात जाते, मग वर दोन्ही रबरं, आणि मनगट बोलायला लागतं. मुंबईत रे रोडच्या लाकूडबाजारात चौकशी करा. तयार 6 मिलिमीटर प्लाय मात्र नको. आतल्या थरांत कुठे पोकळी आहे ते बाहेरून कळत नाही.

आता गोंद. खरी परीक्षा इथे आहे. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, आणि पातळ व्हिनियरला ते लागलं की ते लगेच गोल वळतं. म्हणून गोंद आधी जाड गाभ्याला लावायचा, त्यावर आडवा थर बसवायचा, मग त्या थराच्या पाठीवर गोंद, मग बाहेरचा थर. दोन्ही बाजू एकाच बैठकीत, पंखा बंद करून. 27 बाय 17 सेंटिमीटरच्या तुकड्याला एका सांध्यासाठी साधारण 7 ग्रॅम, म्हणजे चार सांध्यांना 28. काट्यावर मोजून घ्या. कमी पडला तर सांधा उपाशी राहतो. जास्त झाला तर थर एकमेकांवर घसरतात. हे घसरणं टाळायला बॅटच्या आकाराबाहेरच्या कोपऱ्यांत दोन बारीक खिळे ठोका.

मग प्लॅस्टिकचा कागद, दोन्हीकडून 18 मिलिमीटर प्लायच्या फळ्या, आणि सहा सी-क्लॅम्प, म्हणजे स्क्रूनं आवळायचे शिकंजे. आवळताना मधल्या जोडीपासून कडांकडे या. कडा आधी आवळल्या तर गोंद मधे कोंडतो आणि तिथे फुगवटा राहतो. 24 तास हलवू नका. मुंबईच्या जुलैत 48. क्लॅम्प सोडल्यावर फळी टेबलावर आडवी टाकायची नाही, दोन दिवस कडेवर उभी ठेवायची. आडवी टाकली की वरची बाजू आधी सुकते आणि फळीची वाटी होते. पावसाळ्यात लाकूड आणलंत तर आठवडाभर राहत्या खोलीत ठेवूनच हात लावा.

कापण्याआधी बोटाच्या पेरानं सगळीकडे वाजवून पाहा. नाद एकसारखा हवा. मधेच भद्द आवाज आला तर तिथे थर सुटलाय. ती जागा आकारात येत असेल तर फळी बाद.

आकार 157 बाय 150 मिलिमीटर, मूठ 100. रेघेबाहेर एक मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. सपाट बाजूला 320 च. व्हिनियर अर्धाच मिलिमीटर आहे, जरा जोर लावला की आडवा थर डोकावतो. मुठीच्या दोन पट्ट्या हलक्या लाकडाच्या. खालचं टोक 34 मिलिमीटर रुंद ठेवलं तर घामेजल्या हातातून बॅट सटकत नाही.

रबर लावण्याआधी वॉर्निशचा एकच पातळ हात द्या. तो नसेल तर पुढे रबर बदलताना सागवानाच्या काड्या त्याच्यासोबत निघून येतात. दोन हात दिलेत तर चेंडूचा आवाज कडक होतो. रबर चिकटवायला पाण्याचा गोंद वापरा आणि तो पूर्ण पारदर्शक झाल्यावरच रबर टेकवा.