गॅरेजच्या कोब्याखाली काय भरायचं?

नमस्कार श्रोतेहो. घराशेजारी गॅरेज बांधायचं ठरलं की बोलणं आधी शटरच्या रंगावर येतं. आज आपण कोब्याखालच्या, म्हणजे काँक्रीटच्या जमिनीखालच्या भरावाबद्दल बोलू, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो.

मापं लगेच सांगून टाकतो. गाडी 13 फुटांची असली तरी आतून 12 बाय 20 फूट जागा धरा. 10 बाय 18 मध्ये गाडी मावते, पण दार उघडून माणसाला मोकळेपणानं उतरता येत नाही. शटर 9 फूट रुंद, 7 फूट उंच आणि वर गुंडाळीला दीड फूट. तोंड शक्यतो पश्चिमेला नको, आपल्या बेळगाव भागातला पाऊस तिकडूनच झोडपतो. आणि जागा कमी पडते म्हणून अंगणातला फणस तोडू नका. गाडी पाच-दहा वर्षांत बदलते, फणस तीन पिढ्या खातात. परसात झाड नसलेलं घर मला तरी उघडंबोडकं वाटतं. असो.

वडगावकडच्या एका घरची गोष्ट ऐका. पाया खणताना तीन फूट काळी माती निघाली. ती बाहेर टाकायला ट्रॅक्टरचं भाडं कशाला, म्हणून तीच जोत्यात भरली आणि वर चार इंच कोबा ओतला. उन्हाळ्यात सगळं झकास. मिरग बरसला, आषाढ लागला आणि शटर निम्म्यावर अडकू लागलं. शटरवाल्यानं ग्रीस लावलं, स्प्रिंग बदलली. चार दिवस चाललं, पुन्हा अडकलं. दुसऱ्यानं शटर ज्यांत सरकतं त्या बाजूच्या पट्ट्या ठोकून सरळ केल्या, तरी तेच. शेवटी एक जुना गवंडी आला. त्यानं शटरला हातच लावला नाही. पट्टीला ओळंबा लावला आणि कोब्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. मधोमध कोबा दीड इंच फुगलेला! पट्ट्यांची खालची टोकं कोब्यात रोवलेली, तो उचलला तशी तीही सरकली. छपराचं पाणी भिंतीलगतच पडून खाली मुरत होतं आणि काळी माती पाणी पिऊन फुगत होती. उन्हाळ्यात ती आकसली असती, म्हणजे कोब्याखाली पोकळी आणि वर तडे.

मग कोबा फोडला, काळी माती सगळी उपसली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरला, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं चोपला. त्यावर सहा इंच डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, आणि वर एकास दोन, चारचा (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) चार इंच कोबा. 12 बाय 20 ला साधारण 15 पोती सिमेंट लागतं. कोबा आणि भिंत यांच्यामध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवली, म्हणजे कोबा हलला तरी भिंतीला ढकलत नाही. छपराला पन्हळ बसवून पाणी पाईपनं गटारात सोडलं. शटर तेच आहे, आता एका हातानं वर जातं.

पुन्हा सांगतो, खणलेली काळी माती भरावात नको. ट्रॅक्टरचं भाडं द्या, पण मुरूमच आणा. खानापूर-जांबोटीकडे तांबडी माती, तिथं फुगण्याचा त्रास कमी, पण पाऊस दांडगा. म्हणून जोतं रस्त्यापेक्षा फूटभर वर हवं. एका फुटाला दहा फूट लांब चढ द्या, आखूड केला तर गाडीचं पोट घासतं. आतल्या कोब्याला दाराकडे दोन-अडीच इंच उतार ठेवा.

कोब्यावर दहा दिवस पाणी बांधून ठेवा आणि 28 दिवस गाडी चढवू नका. एप्रिलअखेर कोबा पडला, तर मिरगाआधी गाडी आत येते.