रात्री खाजवणारं मूल आणि घरभराचं औषध

नमस्कार श्रोतेहो.

आजच्या विषयावर बोलताना आईवडील आधी दवाखान्याचं दार लोटून घेतात, मग आवाज खाली आणतात आणि मूल ऐकत नाही ना हे बघून सांगतात, "डॉक्टर, याला जंत झालेत." जंतांचे प्रकार पुष्कळ. मी आज त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल बोलणार आहे. हे जंत पांढरे, सुतासारखे बारीक असतात, रात्री शीच्या जागी येतात आणि मुलाची झोप मोडतात. वैद्यकाच्या पुस्तकात याला एंटेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस असं भारदस्त नाव दिलंय, आपण सुतकृमी म्हणू. कोणी ताटावर बसलं असेल तर त्यांनी जेवण उरकून मग ऐकावं, माझी काही हरकत नाही.

तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. मूल दिवसा छान खेळतं, खातं, शाळेत जातं. रात्री झोपलं की दोनतीन तासांत चुळबूळ सुरू होते. हात चड्डीत जातो, मूल किरकिरतं, उठून बसतं, रडतं. घरचे म्हणतात, घामोळं असेल, नवीन चड्डीचं इलॅस्टिक काचत असेल, संध्याकाळी मोबाइल फार बघितला असेल. सकाळी सगळं शांत झालेलं असतं, त्यामुळे दवाखान्यात जायचं राहून जातं.

रात्रीच का, याचं कारण या किड्याच्या रीतीत आहे. सुतकृमी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला राहतो. मादी साधारण 8 ते 13 मिलिमीटर लांब, नर तिच्यापेक्षा बराच लहान. पोटात अंडी भरली की मादी रात्री, मूल गाढ झोपलेलं असताना, गुदद्वारातून बाहेर येते आणि आजूबाजूच्या कातडीवर हजारो अंडी घालते. अंड्यांबरोबर एक चिकट पदार्थ असतो, त्याने खाज सुटते. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात. सकाळी त्याच हाताने बिस्किट, किंवा झोपेतच अंगठा तोंडात, आणि अंडी परत पोटात. एक मादी अंडी घालून मरते, पण तिच्या जागी पुढची फळी तयार होत असते. गोलकृमीची अंडी मातीत काही आठवडे राहिल्याशिवाय कोणाला लागण करू शकत नाहीत. सुतकृमीच्या अंड्याला 4 ते 6 तास पुरतात. म्हणजे रात्री बाराला घातलेलं अंडं सकाळी शाळेची व्हॅन येईपर्यंत तयार!

म्हणून "मातीत खेळू नको, जंत होतील" हे वाक्य इथे लागू पडत नाही. सुतकृमी मातीतून येत नाही, घरातल्या कुत्र्यामांजरातूनही येत नाही. तो माणसातच वाढतो आणि माणसाकडून माणसाकडे जातो, हातातून, चादरीतून, टॉवेलमधून, खेळण्यातून. पर्वतीच्या पायथ्याशी एका खोलीत सहा जण झोपत असोत की बाणेरला बाविसाव्या मजल्यावर मुलाची वेगळी खोली असो, मूल बालवाडीत किंवा पाळणाघरात जाऊ लागलं की हा पाहुणा घरी येऊ शकतो. लागण झाली म्हणजे आई अस्वच्छ, असं मानणाऱ्या सासवा आणि नवरे अजून आहेत, म्हणून हे सांगावं लागतं. आणि संशयाची सुई घरकामाच्या मावशींकडे वळवण्याचंही काही कारण नाही. त्यांच्या घरी मुलं असतील तर हीच गोष्ट तुमच्या घरातून त्यांच्याकडेही जाऊ शकते.

आता ओळखायचं कसं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे टॉर्च. मूल झोपल्यावर दोनतीन तासांनी हळूच चड्डी बाजूला करून गुदद्वाराभोवती बघा. पांढरा, सेंटिमीटरभर लांबीचा दोरा वळवळताना दिसला तर निदान झालंच. वळवळ महत्त्वाची आहे, कारण केळ्याचे धागे किंवा कपड्याचं सूत पाहून घाबरलेले पालकही येतात. शीवरही कधीकधी असे दोरे दिसतात.

दिसलं नाही आणि शंका आहे, तर पारदर्शक चिकटपट्टी वापरा, शाळेच्या वह्यांना लावतो तीच. सकाळी मूल उठल्याबरोबर, शी आणि आंघोळीच्या आधी, पट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबायची, मग ती काचेच्या पट्टीवर चिकटवून द्यायची. काचेची पट्टी लॅबमध्ये किंवा डॉक्टरांकडे मिळेल. एका सकाळी अंडी हाती लागतीलच असं नाही. तीन सकाळी ओळीने केलं तर दहापैकी सुमारे नऊ जणांमध्ये निदान होतं. उलट शीची डबी घेऊन लॅबमध्ये गेलात तर अहवाल बहुधा स्वच्छ येईल, कारण अंडी शीमध्ये नसतात, बाहेर कातडीवर असतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग जंत कुठले?" हा वाद मला वर्षानुवर्षं घालावा लागतो.

मुलींच्या आयांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जंत पुढच्या बाजूला सरकून योनीत शिरू शकतात. मग तिथे खाज, लाली, कधी पांढरं जाणं, शू करताना आग. लघवीच्या संसर्गाची औषधं एकामागून एक होतात आणि मूळ कारण तसंच राहतं. लहान मुलीला ही तक्रार वारंवार होत असेल तर डॉक्टरांना विचारा, सुतकृमी असेल का? मुलीने अचानक पुन्हा गादी ओली करायला सुरुवात केली, तरी हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.

याच्या उलट, जी लक्षणं आपण बिनदिक्कत जंतांच्या नावावर घालतो त्यातली बरीच जंतांची नसतात. झोपेत दात खाणं, गालावर फिकट पांढरे चट्टे, नाक खाजवणं, भाताला नाही म्हणणं. गालावरचे ते चट्टे बहुतेक कोरड्या त्वचेचे असतात. आणि गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. पेढा निर्दोष आहे. दातांसाठी तो कमी द्या, जंतांसाठी नको. बाळकडूत वावडिंग असतं, आयुर्वेदाने त्याला कृमिघ्न म्हटलं आहे, त्या परंपरेशी माझं भांडण नाही. पण घरात सुतकृमी फिरत असताना वावडिंगावर विसंबून राहू नका. आणि लसणाची पाकळी किंवा रॉकेलचा बोळा त्या जागी कोणी लावायला सांगितला तर अजिबात लावू नका. कातडी भाजते. फार खाज असेल तर थोडं व्हॅसलीन लावा, तेवढं पुरे.

औषध सोपं आहे, चुकतो तो त्याचा हिशेब. आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरतात ते अल्बेंडाझोल. दोन वर्षांच्या पुढे, मोठ्यांनाही, 400 मिलिग्रॅम एकदा. मेबेंडाझोल असेल तर 100 मिलिग्रॅम एकदा. पायरँटेल वजनावर ठरवतात. लहान मुलाला गोळी अख्खी देऊ नका, घशात अडकू शकते; कुस्करून पाण्यात कालवून द्या किंवा पातळ औषध आणा. दोन वर्षांच्या आतलं बाळ, गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. घरात कोणाला फिट्स येत असतील तर तेही आधी सांगा.

ही औषधं जंत मारतात, अंडी मारत नाहीत. गोळी घेतली त्या दिवशी नखात किंवा चादरीत जी अंडी होती, ती दुसऱ्या दिवशी पोटात जाऊ शकतात. अंडं गिळल्यापासून त्याची अंडी घालणारी मादी व्हायला साधारण महिना लागतो. म्हणून दुसरी मात्रा दोन आठवड्यांनी घ्यायची. तोवर नवे जंत फुटलेले असतात, पण अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसतात. पहिल्या गोळीनंतर खाज थांबते आणि दुसरी गोळी कपाटात राहते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिली गोळी लिहून देतानाच कॅलेंडरवर तारखेला गोल करायला सांगतो. कालनिर्णय भिंतीवर असतंच.

आणि मात्रा सगळ्यांनी, एकाच दिवशी. घरात राहणारा प्रत्येक जण, खाज असो नसो. मोठ्या माणसांत पुष्कळदा काहीच लक्षण नसतं, तरी पोटात जंत असतात आणि अंडी बाहेर पडत असतात. इथे सगळ्यात मोठी अडचण आजी-आजोबांची. "मला काही होत नाही, मी कशाला घेऊ?" अशा वेळी वाद घालू नका, नातवाच्या हातून गोळी द्या. नकार टिकत नाही. बाबा टूरवर असतील तर ते परत येईपर्यंत सगळ्यांची गोळी थांबवा, किंवा त्यांची गोळी त्यांच्या बॅगेत घाला आणि त्याच रात्री फोन करा.

शाळेत गोळी मिळाली होती, मग पुन्हा का, असं विचारणारे असतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 साली सुरू झाला. शाळा आणि अंगणवाड्यांमधून 1 ते 19 वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिलं जातं. तो कार्यक्रम चांगला आहे, मुलाला जरूर घेऊ द्या. पण तो प्रामुख्याने मातीतून येणाऱ्या गोलकृमी, आकडेकृमी अशांसाठी आखलेला आहे, मात्रा त्या फेरीत एकच असते आणि ती घरच्या बाकी माणसांना मिळत नाही. सुतकृमी त्या फटीतून निसटतो.

आता सकाळचं. अंडी रात्री घातली जातात, म्हणून आंघोळ सकाळी हवी. आपल्या घरांत ती होतीच, पण पुण्यात शाळेच्या बस पहाटे सव्वासहाला येऊ लागल्यापासून मुलांची आंघोळ संध्याकाळी गेली. या दोन आठवड्यांत ती परत सकाळी आणा. वेळच नसेल तर निदान कमरेखालचा भाग कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा आणि चड्डी बदला. मूल रात्री घट्ट बसणारी सुती चड्डी घालून झोपेल असं बघा, म्हणजे हात थेट कातडीला लागत नाही. नखं बारीक कापा. शी केल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात, नखांच्या खाली घासून. मुलाला धुणाऱ्या आईनेही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

चादरींबाबत माझी एक कळकळ आहे. सकाळी उठून बाल्कनीत चादर, गोधडी झटकायची सवय दोन आठवडे सोडून द्या. झटकलेली अंडी हवेत उडतात आणि खालच्या गॅलरीत किंवा तुमच्याच नाकातोंडात जातात. चादर हळूच गोळा करून, अंगाशी न धरता, थेट मशिनमध्ये टाका आणि गरम पाण्यावर धुवा, 60 अंशावर चालेल. अंड्यांना ऊन सोसत नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्ये गॅलरीतलं ऊन तुमच्या बाजूने असतं. आषाढ-श्रावणात पुण्यात चादर तीन दिवस ओली असते, तेव्हा मात्र गरम पाणी आणि इस्त्रीच. कोरडा झाडू मारण्याऐवजी मुलांच्या खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसा. ओलसर जागी अंडी दोन-तीन आठवडे टिकतात, पण यापुढे जाऊन खोल्या धुवून काढू नका, गाद्या फेकू नका. इतकं घाबरण्यासारखं यात काही नाही.

गोळीनंतर काही दिवस खाज राहू शकते, मेलेले जंत शीत दिसू शकतात. दुसऱ्या गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनीही पुन्हा रात्री तेच सुरू झालं, तर औषध खोटं नाही, बहुधा लागण पुन्हा झाली आहे. तेव्हा घरातल्या कोणी गोळी टाळली ते आधी शोधा, आणि मग पाळणाघराकडे बघा. शाळेत किंवा पाळणाघरात न पाठवण्याची गरज नाही. पण ताईंना सांगा, म्हणजे बाकीच्या पालकांना टॉर्च घेऊन बघता येईल. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायचं असेल तर मुलाचं नाव घालू नका. "आपल्या गटात सुतकृमीची लागण दिसते आहे, मूल रात्री खाजवत असेल तर कृपया डॉक्टरांना दाखवा," एवढं एक वाक्य पुरतं.

नमस्कार.