'मॅडम, अपात्र म्हणजे नापास का?'

माइक जरा लांबच ठेवते, माझा आवाज तसाही मोठाय. समोर बहुतेक शिक्षक आणि आशाताई आहेत म्हणून आकडे फार सांगत नाही, एकच सांगते, २०२२ ला महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सगळ्यात जास्त, आणि त्यांच्या मागे राहिलेली पोरं त्या आकड्यात कुठेच नाहीत.

यवतमाळकडच्या एका गावात चौथीतली एक मुलगी मला भेटली. वडील जाऊन पाच महिने झालेले. तुम्हाला माहितीये, शेतकऱ्याच्या आत्महत्येची केस झाली की चौकशी लागते, जमीन होती का, नापिकी होती का, कर्ज बँकेचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं होतं का, आणि मग सरकारी मदतीसाठी केस पात्र किंवा अपात्र. पात्र झाली तर एक लाख, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार खात्यात ठेव. हिच्या वडिलांनी गावातच हातउसने घेतलेले, कागद काहीच नाही, केस अपात्र. घरात दिवसभर तोच शब्द. पोरगी मला हळूच विचारते, "मॅडम, अपात्र म्हणजे नापास का? माझे बाबा नापास झाले?"

मी पंधरा वर्षं अशा घरांना भेटायचं हे काम करतेय, पण त्या दिवशी मला पटकन बोलताच आलं नाही. मग सांगितलं की अगं ते कागदाचं आहे, बाबांचं नाही.

खरं तर तिच्या पोटात दुसरंच होतं. तिच्या बाई मला म्हणाल्या, ही हल्ली काही मागतच नाही हो, पेन्सिल एवढीशी झालेली, बोटात धरता येईना तर जुन्या पेनाच्या टोपणात खोचून लिहिते. दोन-तीनदा भेटल्यावर बाहेर आलं, जूनमध्ये तिनं वह्यांसाठी हट्ट केला होता आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. झालं, तिनं गणित मांडून टाकलं. आणि घरी सगळे तिला काय सांगत होते, तर बाबांना अटॅक आला. शाळेत पोरं दुसरंच सांगत होती. म्हणजे विचारायचं कुणाला?

लहान आहे, काय कळतंय, असं आपण म्हणतो ना, त्यांना सगळं कळतं, फक्त अर्धवट कळतं. म्हणून खरं सांगा, थोडक्यात सांगा. "बाबांच्या मनाला खूप त्रास होत होता, त्यांनी स्वतःचा जीव घेतला, त्यात तुझी काहीच चूक नाही." कसं केलं ते रंगवून सांगू नका. आणि हे एकदा सांगून भागत नाही, ते पोर परत विचारणार, पुन्हा तेच सांगायचं, न वैतागता.

आईचं वेगळंच. तेरावं होईपर्यंत घर भरलेलं, नंतर कुणी फिरकत नाही, आणि जे येतात ते "भांडण झालं होतं का गं?" असं विचारतात. कृपा करून हे विचारू नका. दळण आणून द्या, अर्ज भरायला सोबत जा.

अर्ज म्हटला की आठवलं, बालसंगोपन योजना, महिन्याला एका मुलामागे २,२५० रुपये, वडील गेले असले तरी आईजवळ राहणाऱ्या मुलाला मिळू शकतात, आणि त्याचा पात्र-अपात्रच्या निकालाशी संबंध नाही. कितीतरी बायकांना वाटतं केस अपात्र म्हणजे सगळंच बंद. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. बोलायला माणूस हवं असेल तर टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. मुलांसाठी १०९८. हे नंबर शाळेच्या भिंतीवर लिहा, रंग माझ्याकडून.

त्या मुलीचं विचाराल तर, गेल्या महिन्यात गेले तर आई तक्रार करत होती, खोडरबर हरवलं म्हणून सकाळपासून डोकं खातेय, नवीनच पाहिजे म्हणते, तेही वासाचं. मी म्हटलं, घेऊन द्या हो ताई, मागायला लागली ती.