जुने केसपेपर आणि चाळीस टक्के

(दृश्य: जिल्हा रुग्णालय, ओपीडीबाहेरचा बाक. मांडीवर प्लास्टिकची पिशवी.)

पिवळे पडलेले केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, एक डिस्चार्ज कार्ड. मानसिक आजाराचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला निघताना ही पिशवी घरी राहिली, तर पुढचं गणितच फिरतं.

(दृश्य: सायबर कॅफे. पडद्यावर अर्ज.)

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी संकेतस्थळावर. आधार, फोटो, सही किंवा अंगठा. लोक अडखळतात ते दिव्यांगत्वाच्या प्रकारावर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ‘मानसिक आजार’ वेगळा, ‘बौद्धिक दिव्यांगता’ वेगळी. घाईत दुसऱ्यावर क्लिक झालं, की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला बुद्ध्यांक चाचणीच्या रांगेत पाठवतात.

(दृश्य: तपासणीची खोली. टेबलावर छापील तक्ता, त्यावर पेन.)

मानसोपचारतज्ज्ञांपुढचा हा तक्ता ‘आयडियाज’चा, म्हणजे मानसिक आजारामुळे येणारं दिव्यांगत्व मोजायच्या भारतीय मोजपट्टीचा. आजाराचं नाव काय, यावर टक्के ठरत नाहीत. त्या आजारामुळे रोजचं काय काय अडतं, ते इथे मोजतात. रकाने चार: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. कामाच्या रकान्यात नोकरीच हवी असं नाही. गृहिणीचं घरकाम, विद्यार्थ्याचा अभ्यासही धरतात.

(दृश्य: पेन रकान्यांवरून सरकतं.)

एक, एक, एक, दोन. झाले पाच.

यात आजाराच्या काळाचे गुण मिळवायचे. दोन वर्षांहून कमी असेल तर १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहाला ३, दहाच्या वर ४. आजार सात वर्षांचा, म्हणून तीन. एकूण आठ. सातपासून पुढे ४० टक्के किंवा जास्त धरले जातात, म्हणजे हा रुग्ण सरकारी सवलतींना पात्र.

आता तीच पिशवी घरी राहिली असं समजा. हातात फक्त यंदाचा कागद. काळाचा गुण एकच, बेरीज सहा. रुग्ण तोच, आजार तोच, आणि दाखला चाळिसाच्या आतला.

(दृश्य: डॉक्टरांसमोर बसलेली आई.)

“अंघोळ स्वतः करतो का?” “हो, करतो की.” हे उत्तर खोटं नसतं, अर्धं असतं. कितीदा सांगावं लागतं, किती दिवस टाळतो, बादली भरून कोण ठेवतं, हे सांगितल्याशिवाय रकान्यात शून्यच पडणार. चारचौघांत लेकराचं झाकायची सवय असते आपल्याकडे. या खोलीत ती बाजूला ठेवायची. रुग्णासोबत येणारा माणूस रोज घरात असणाराच हवा. दिवाळीला भेटणारा मामा इथे उपयोगाचा नाही.

(दृश्य: कार्ड. मग तहसील कचेरीचा जिना.)

४० ते ८० टक्क्यांच्या आत दिव्यांगाचं पिवळं ओळखपत्र-कार्ड, ८० पासून निळं. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला: सोबत रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी वर्षाला ५० हजार.

(दृश्य: प्रमाणपत्राची खालची ओळ, जवळून.)

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बरेचदा तात्पुरतं असतं. मुदतीची तारीख इथे, खाली. ती उलटली की अनुदान अडकू शकतं. फेरतपासणीला तीच पिशवी घेऊन मुदतीआधीच यायचं.