सुटी केलेली रायफल नेमबाजीच्या रेंजवर नेण्यासाठी लक्ष न वेधणारी बॅग कशी निवडावी

नमस्कार. आज माझ्यासमोर टेबलावर एक जोडलेली रायफल, एक मोजपट्टी आणि तीन बॅगा आहेत, आणि काहीही सुरू करण्यापूर्वी मी एक काम तुमच्यासमोर करून घेतो. मॅगझिन काढले आहे. बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती पोकळी, डोळ्यांनी पाहिले, करंगळीने चाचपूनही पाहिले, आणि आता त्यात ते रिकामे असल्याची खूण म्हणून हा नारिंगी सेफ्टी फ्लॅग घातला आहे. काडतुसे या खोलीत नाहीत. रायफल बॅगेत ठेवण्याआधी हे प्रत्येक वेळी करायचे असते, घरातून निघताना आणि रेंजवरून परतताना दोन्ही वेळा, म्हणून बॅगेविषयीचा व्हिडिओही मी इथूनच सुरू करतो आहे.

आता प्रश्न असा, की लक्ष न वेधणारी बॅग हवीच कशाला? मीटरभर लांबीची, रायफलच्याच आकारात शिवलेली काळी बॅग खांद्यावर टाकून जिन्यातून उतरणारा माणूस दोन प्रकारच्या लोकांच्या नजरेत भरतो. एक, ज्यांना शस्त्र पाहून भीती वाटते आणि ज्यांना भिवविण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. दुसरे, ज्यांना आपल्या घरात काय आहे हे कळले की ते लक्षात ठेवून योग्य वेळेची वाट पाहतात. चोरीला गेलेली रायफल कोणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात उरत नाही, म्हणून माझ्या मते हे दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे आहे.

मात्र पोलीस, रेंज अधिकारी आणि प्रवासात ज्यांच्याकडे शस्त्राची नोंद करणे बंधनकारक असते ते कर्मचारी, यांच्यापासून लपविण्यासाठी ही बॅग नाही. त्यांनी विचारले तर बॅगेत काय आहे ते शांतपणे सांगायचे आणि परवाना दाखवायचा. जिथे शस्त्र नेण्यास मनाई आहे तिथे ते कोणत्याही बॅगेतून नेऊ नये. साधी बॅग ही घर ते रेंज आणि रेंज ते घर एवढ्याच वाटेसाठी आहे.

आता मोजमापाकडे येऊ, कारण बहुतेकांची चूक इथे होते. बॅग घेताना लोक रायफलच्या पूर्ण लांबीचा विचार करतात किंवा नळीच्या लांबीचा, आणि ही दोन्ही मापे इथे उपयोगाची नाहीत. रायफल सुटी, म्हणजे तिचे भाग वेगळे, केल्यावर जो तुकडा सर्वांत लांब राहतो, त्याचे माप घ्यायचे. एआर-१५ धाटणीची रायफल दोन पिना बाजूला सारल्या की वरचा आणि खालचा अशा दोन भागांत सुटते. तिची नळी १६ इंचांची, म्हणजे सुमारे ४१ सेंटीमीटरची असली, तरी ती रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याला, जोडलेलीच राहते, त्यामुळे अख्खा वरचा भाग साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर भरतो. ‘१६ इंची नळी आहे’ म्हणून ५० सेंटीमीटरची बॅग घेतलेला माणूस घरी येऊन हताश होतो. याउलट रुगर कंपनीची २०१२ साली आलेली १०/२२ टेकडाउन ही २२ कॅलिबरची रायफल जोडलेली असताना सुमारे ९४ सेंटीमीटर असते, पण मधोमध फिरवून सुटी केली की तिचे लांब अर्ध ५१-५२ सेंटीमीटरचे राहते. ती नेहमीच्या पाठीवरच्या बॅगेत सहज बसते. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो अशा, रायफलीचा दस्ता स्क्रू काढून वेगळा करता येतो, पण ते दर आठवड्याला करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते स्क्रू ठरावीक ताकदीनेच आवळावे लागतात आणि त्यात फरक पडला की नेम हलतो.

सर्वांत लांब तुकड्याच्या मापात दोन्ही टोकांना दोन-दोन बोटे सैल जागा धरा. नळीचे टोक बॅगेच्या तळाला टेकून राहिले, तर दर पावलागणिक सगळे वजन तेवढ्याशा जागेवर येते. माझ्या पहिल्या बॅगेचे असेच झाले. बाहेरून ती धडधाकट दिसत होती, आणि एके दिवशी आतले अस्तर चाचपताना माझे बोट आरपार गेले. पुढच्या माशीच्या, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेल्या उंचवट्याच्या, धारेने अस्तर, फोम आणि तळाची शिवण असे तिन्ही थर हळूहळू कापले होते. आता मी तळाशी जाड रबरी चटईचा तुकडा कापून टाकतो. हा पाहा, हाताच्या तळव्याएवढा आहे, आणि तीन वर्षे टिकला आहे.

दिसण्याविषयी बोलायचे तर हिरवे-खाकी ठिपके, बाहेरून शिवलेल्या आडव्या पट्ट्यांच्या रांगा, बिल्ले चिकटविण्याची वेल्क्रोची जागा आणि बंदुकीच्या कंपनीचे बोधचिन्ह, यांतले काहीही नको. करडा, गडद निळा किंवा फिका काळा रंग आणि सरळ आयताकृती आकार हवा. रेंजचे सदस्यत्वाचे ओळखपत्र बॅगेला लटकवून ठेवण्याची सवय अनेकांना असते, ते आतल्या कप्प्यात जाऊ द्या.

बरेच जण टेनिसच्या रॅकेटची बॅग किंवा वाद्याची पेटी सुचवतात. मापाच्या दृष्टीने टेनिसची बॅग चुकीची नाही, कारण नियमानुसार रॅकेट जास्तीत जास्त ७३.७ सेंटीमीटर लांब असू शकते आणि बॅगा त्या हिशेबाने शिवलेल्या असतात. परंतु रॅकेटचे वजन असते ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि आपण तिच्यात तीन-चार किलो लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम घालणार. तिच्या पट्ट्यांचे टाके त्यासाठी घातलेलेच नसतात. वाद्याच्या पेटीला माझा आक्षेप वेगळा आहे. कोणी सहज, प्रेमाने विचारले की ‘काय वाजवता तुम्ही?’, तर तुम्हाला खोटे बोलावे लागते, आणि पुढे कधी खरे कळले की त्या माणसाच्या मनात संशयच उरतो. बॅगेने गप्प राहावे, खोटे बोलू नये. साध्या प्रवासी बॅगेविषयी कोणी काही विचारतच नाही, आणि विचारलेच तर ‘खेळाचे सामान आहे’ हे उत्तर अगदी खरे असते.

कापडाच्या चिठ्ठीवर ५०० डी किंवा १००० डी असे लिहिलेले असते. हे डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका धागा जाड. १००० डेनियरचे नायलॉन घासण्याला फार चांगले टिकते, पण ते ताठ असते आणि सैनिकी सामानासारखे दिसते. ५०० डेनियरचे कापड मऊ पडते, रोजच्या बॅगेसारखे वागते, आणि आठवड्याला एक फेरी असेल तर ते पुरेसे आहे. कापडापेक्षा चेन आणि पट्ट्यांची मुळे नीट पाहा. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथे चौकोनात फुली अशी शिवण असावी, आणि दातेरी चेन जाड असावी.

आता आतली रचना. बॅग बाहेरून कितीही साधी असली तरी चालताना आत खणखण आवाज होत असेल, तर लोक वळून पाहणारच. दोन भागांच्या मध्ये जाड फोमचा पडदा हवा आणि प्रत्येक भाग वेल्क्रोच्या पट्ट्याने दोन ठिकाणी आवळलेला हवा. एआर धाटणीच्या रायफलीत आणखी एक खुबी आहे. बोल्ट कॅरियर, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो सरकता भाग, मागे घसरून बाहेर पडू नये म्हणून त्याला अडविणारा भाग खालच्या अर्धात असतो, त्यामुळे वरचा अर्ध वेगळा केल्यावर तो उभा धरला की कॅरियर सरळ निसटतो. माझा असाच निसटला, फरशीवर आपटला, आणि पुढचा तासभर मी भिंगाखाली त्याला कुठे तडा गेला आहे का ते शोधत बसलो होतो. तेव्हापासून मी वरच्या भागाच्या मागच्या टोकाला रुंद वेल्क्रोचा पट्टा गुंडाळतो, किंवा कॅरियर काढून वेगळ्या पिशवीत ठेवतो.

दुर्बीण लावलेली असेल तर बॅगेची खोली मोजा, कारण फुगवटा तिथेच येतो. नेम टिकेल का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. दुर्बीण आणि नळी एकाच भागावर राहत असतील, जशी ती एआरमध्ये राहतात, तर सुटे केल्याने विशेष फरक पडत नाही. दुर्बीण रिसीव्हरवर आणि नळी वेगळी अशी रचना असेल, तर रेंजवर पहिल्या पाच गोळ्या नेम पाहण्यासाठीच राखून ठेवा.

वासाचा विचार फारसे कोणी करत नाही. नळी साफ करण्याच्या द्रावणाचा, विशेषतः अमोनियायुक्त द्रावणाचा, उग्र दर्प बंद गाडीत लगेच ओळखू येतो. फडकी आणि बाटली घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

कुलूप आणि कायदा यांचा विचार एकत्र करावा लागतो. रायफल सुटी केली म्हणून ती कायद्याच्या दृष्टीने शस्त्र राहत नाही, असे मानू नका. अमेरिकेत एआरचा नुसता खालचा रिसीव्हरही बंदूकच समजला जातो, आणि युरोपीय संघाच्या नियमांत नळी आणि बोल्टसुद्धा शस्त्राचे आवश्यक घटक मानले जातात. जर्मनीत रेंजवर जाताना शस्त्र भरलेले नसावे आणि चटकन हाती येईल असेही नसावे, म्हणून तिथले नेमबाज बॅगेला कुलूप लावतात. कॅनडात निर्बंधित वर्गातल्या शस्त्राला ट्रिगर लॉक लावून ते आरपार न दिसणाऱ्या, कुलूपबंद पेटीतून न्यावे लागते. तुम्ही राहता तिथला नियम आधी वाचा आणि मग बॅग घ्या. विमानप्रवास करायचा असेल, तर मऊ बॅग बाजूलाच ठेवा. तिथे कुलूपबंद, कठीण कवचाची पेटी लागते आणि विमान कंपनीला आधी कळवावे लागते.

चेनच्या दोन्ही पकडींना भोके असावीत, म्हणजे त्यांतून एक लहान कुलूप ओवता येते. हे कुलूप लहान मुलांच्या आणि कुतूहलाने पाहणाऱ्यांच्या हातांना अडवते, चाकूला अडवत नाही. म्हणून गाडीत बॅग ठेवायचीच झाली, तर पोलादी तार तिच्या आतून काढून गाडीच्या सांगाड्याला बांधा, आणि वाटेत जेवायला थांबणे टाळा. बॅग रात्रभर गाडीत कधीही ठेवू नका.

काडतुसे वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात. वजनाचा अंदाज हवा असेल तर २२ कॅलिबरचे एक काडतूस साधारण साडेतीन ग्रॅमचे असते, त्यामुळे ५०० काडतुसे पावणेदोन किलोंच्या घरात जातात, आणि तेवढे वजन रायफलीच्या बॅगेत वाढवले की पट्टा खांद्याला काचतो आणि चाल बदलते. त्या चालीवरूनच पाहणाऱ्याला कळते की आत काहीतरी जड आहे.

घरी परतल्यावर रायफल तिच्या तिजोरीत गेली पाहिजे, बॅगेत नाही. स्पंजासारखा मऊ फोम घाम, दमट हवा आणि पावसाचे पाणी शोषून धरतो, आणि अशा फोमवर चार दिवस टेकलेल्या नळीवर त्याच जागी तांबूस डाग उमटतात. म्हणून मी बंद पेशींचा, दाबला तरी पाणी न पिणारा फोम निवडतो, रेंजवरून आलो की बॅगेचे सर्व कप्पे उघडून ती पंख्याखाली उलटी टांगतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अस्तरावर हात फिरवून ते कोरडे लागले, तरच चेन लावतो.