हाउ मच, मावशी?

(आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पहिली ते चौथीच्या शिक्षकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळेत वर्षातून एकदा बालबाजार भरतो. कुणी त्याला आनंदनगरी म्हणतं. लेकरं घरून भजी, बोरं, शेंगा आणतात, गावातली माणसं येऊन घेऊन जातात आणि संध्याकाळी नफा मोजायला गर्दी होते. तो बाजार आपल्या जागी चांगलाच आहे. मला आज सांगायचं आहे ते लुटुपुटूच्या बाजाराविषयी. तो लेकरांनी इंग्रजी बोलावं एवढ्यासाठीच भरवायचा असतो. आपल्या राज्यात २०००-०१ पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी आपली चौथीची लेकरं कविता घडाघडा म्हणतात आणि पाण्याचा तांब्या मात्र इंग्रजीत मागू शकत नाहीत. ही खंत तुमच्या मनातही असेल.

पहिल्या वर्षी मी हा बाजार भरवला तेव्हा आठ दिवस नुसती सजावट केली. रंगीत पाट्या, त्यांवर इंग्रजीत वस्तूचं नाव आणि भाव. बाजार सुरू झाला. लेकरू यायचं, पाटीकडे बघायचं, वांग्यावर बोट ठेवायचं, कागदी नोट द्यायचं आणि वांगं घेऊन जायचं. पाऊण तासात मी इंग्रजीचा एक शब्द ऐकला नाही. लेकरांची काहीच चूक नव्हती. भाव पाटीवर लिहिलेला असताना विचारायचा कशाला?

दुसऱ्या वर्षी मी सगळ्या पाट्या काढल्या. भाव एका चिठ्ठीवर लिहून फक्त विकणाऱ्याच्या हातात दिला. गिऱ्हाइकाला वेगळी चिठ्ठी, तिच्यावर चित्रं: दोन लिंबं, एक जुडी कोथिंबीर, चार केळी. प्रत्येकाची चिठ्ठी निराळी, म्हणजे शेजाऱ्याचं बघून भागत नाही. एकच वस्तू दोन पालांवर, म्हणजे दोन दुकानांवर, ठेवली, भाव वेगवेगळे ठेवले. एका पालावरची लिंबं मुद्दाम लवकर संपतील एवढीच ठेवली. आता विचारल्याशिवाय काही कळत नाही, फिरल्याशिवाय स्वस्त मिळत नाही, आणि लिंबं संपली की "नो लेमन, गो देअर" हे विकणाऱ्याला म्हणावंच लागतं. तयारीतला तुमचा वेळ इथं घाला. पताका नाही लावल्या तरी चालतील.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. बाजार लेकरांना शिकवावा लागत नाही. आपल्या भागातलं लेकरू आईचा पदर धरून आठवडी बाजारात फिरलेलं असतं. "कशी दिली मावशी?" म्हणायचं, भाव ऐकला की तोंड वाकडं करायचं, दोन पावलं पुढं जायचं आणि हाक आली की परत फिरायचं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त येतं. वाटा, जुडी, पावशेर, सुट्टे, दिवसाच्या पहिल्या विक्रीची भवानी, सगळं त्याच्या ओळखीचं. फक्त जीभ बदलायची आहे. बंजारा तांड्यावरच्या शाळेतल्या शिक्षकांना हे अधिक पटेल. घरी गोरमाटी बोलणारं तुमचं लेकरू बाजारात मराठीत बोलतं. म्हणजे दुसऱ्या भाषेत सौदा करायचा अनुभव त्याच्या गाठीला आधीच आहे. त्याला पुढं करा. माझ्या वर्गात घासाघीस करायला सगळ्यांत आधी तांड्यावरचीच मुलगी उठली होती.

म्हणून तीन आठवडे आधी लेकरांना घेऊन खऱ्या बाजारात जा. वही-पेन्सिल द्या, भाव मराठीत लिहून आणू द्या. मग वर्गात वस्तू तयार करा. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या हातांना वांगी आणि टमाटे करायला कितीसा वेळ लागतो! चिंच, लिंबं, शेंगा खऱ्याच आणा. आपला लातूर जिल्ह्यातला निलंगा तालुका पानचिंचोलीच्या चिंचेचा आणि बोरसुरीच्या तूरडाळीचा. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चिंच आणि डाळ आपल्या बाजारात असलीच पाहिजे. सफरचंदाचं चित्र पुस्तकात असतं म्हणून आपल्या पालावर सफरचंदच हवं असं कुठं आहे? टॅमरिंड हा शब्द लेकराला ॲपलपेक्षा लवकर लागतो, कारण त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं.

वाक्यं पाच-सहाच ठेवा. हाउ मच इज धिस, हाउ मच आर दीज, गिव्ह मी टू प्लीज, टू मच, हिअर यू आर, थँक यू. धिस आणि दीज यांत लेकरं अडखळली तर नुसतं "हाउ मच?" चालवून घ्या, भाव कळला म्हणजे काम झालं. प्लीजबद्दल मात्र थांबून सांगते. आपण "प्लीज म्हणा" असं ओरडतो आणि लेकरं ते विसरतात. का विसरतात? कारण मराठीत आदर क्रियापदातच असतो. "दे" आणि "द्या" एवढ्यात काम होतं. इंग्रजीत गिव्ह एकच. तिथं "द्या"चं ओझं प्लीजनं उचलायचं असतं. हे मी लेकरांना असंच सांगितलं, "प्लीज नाही लावलं तर मावशीला 'दे गं' म्हटल्यासारखं होतं." त्या दिवसापासून प्लीज विसरलं नाही कुणी. आणि काही लेकरं "हाउ मच, मावशी?" म्हणाली. मी ते बदललं नाही. पालावर बसलेल्या बाईला नुसतं हाउ मच म्हणणं त्यांना जड गेलं असावं.

आता आकडे. खरा घोळ इथं होतो. तेरा आणि तीस यांत मराठी लेकराची कधी गफलत होत नाही. थर्टीन आणि थर्टी मात्र कानाला सारखेच लागतात. माझ्याकडे एका मुलानं करडईच्या भाजीचे थर्टीन सांगितले, मुलीनं तीस दिले, त्यानं ठेवून घेतले. थोड्या वेळानं तिला पाकिटात पैसे कमी दिसले आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मी मधे पडले आणि विचारायला शिकवलं, "वन-थ्री ऑर थ्री-झिरो?" पाच मिनिटांत ते वाक्य सगळ्या बाजारात पसरलं. तेव्हापासून मी भाव मुद्दाम तेरा-तीस, चौदा-चाळीस, पंधरा-पन्नास असेच ठेवते. थर्टीन म्हणताना जोर शेवटी, थर्टी म्हणताना सुरुवातीला, हे टाळी वाजवून आधी करून घ्या.

दुसरी अडचण एकवीसच्या पुढं. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो, वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी. एकोणतीस तर तिसाला एक कमी, आणि ट्वेंटी-नाइनमध्ये तीस कुठंच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस पाच" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्या वादात मला आज पडायचं नाही. पण लेकरू ट्वेंटी-फाइव्ह ऐकून ५२ लिहितं तेव्हा त्याच्यावर चिडू नका. ते मराठीतून बरोबरच विचार करत असतं.

नोटांचं एक सांगते. खऱ्या नोटांची झेरॉक्स काढू नका. नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं कायद्यानं गुन्हा आहे. वहीच्या कागदावर मोठा आकडा, त्याखाली इंग्रजीत शब्द आणि शाळेचं नाव, बस. प्रत्येकाला शंभर रुपये, त्यांत दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा. विकणाऱ्याकडे सुट्टे पैसे हवेतच, नाहीतर "नो चेंज" हे एकच वाक्य दिवसभर ऐकाल.

न बोलणारं लेकरू प्रत्येक वर्गात असतं. त्याला पालावर बसवून घाम फोडू नका. त्याला मापाडी करा. हातात तागडी द्या. "हाफ केजी" कानावर पडलं की तोलायचं, एवढंच. तो ऐकतो, समजून घेतो, कामाचा माणूस असतो. अर्ध्या वेळानं विकणारे आणि घेणारे अदलाबदल करतात, तेव्हा त्याला हवं तर त्यानं गिऱ्हाईक व्हावं. आणि बाजार चालू असताना चुका सुधारू नका. कागदावर टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी हिशोब असतोच. आय बॉट, आय सोल्ड, आय गेव्ह. भूतकाळ शिकवायला यापेक्षा चांगला तास मला तरी मिळालेला नाही.

शेवटचं, तारखेचं. आपण हा कार्यक्रम जानेवारीत धरतो. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली लेकरं तोवर फडावर गेलेली असतात. म्हणून मी हा बाजार दिवाळीच्या आधीच घेते. एका वर्षी असाच एक मुलगा बाजारानंतर आठ-दहा दिवसांत आईवडिलांबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायला गेला. पाकीट परत घ्यायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. गुढीपाडव्यानंतर तो वर्गात आला आणि खिशातून घड्या पडून मऊ झालेल्या दोन कागदी नोटा काढून टेबलावर ठेवल्या. बाकीच्यांचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, "बाई, कोपीपुढं बाजार मांडायचो. बारक्या लेकरांनी फाडल्या." काय विकायचास, विचारलं. म्हणाला, "उसाच्या कांड्या. थर्टीन रुपीज."